शेवटचे दहा मीटर : सह्याद्रीत जिओकॅशिंग कसं करावं

जिओकॅशिंगचा मूळ खेळ अगदी साधा आहे. कुणीतरी उघड्यावर एखाद्या जागी डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर देतं. बाकीचे लोक ते आकडे फोनमध्ये घालून शोधायला निघतात. डब्यात एक छोटी वही असते. सापडला की वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा, होता तिथेच ठेवायचा आणि घरी येऊन ऑनलाइन नोंद करायची. बक्षीस नाही, पंच नाही, वेळेचं बंधन नाही.

२००० सालच्या मे महिन्याआधी हा खेळ शक्यच नव्हता. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत होते, पण सामान्य माणसाला मिळणारे त्यांचे संकेत अमेरिकी लष्कर मुद्दाम बिघडवून सोडत असे. त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकायची. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हे बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि अचूकता एका रात्रीत साधारण दहापट वाढली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ झाडीत एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक टिन होता. सोबत नियम दिला होता : काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. काही दिवसांतच माइक टीग यांना ती सापडली. वहीत नाव लिहून पुढच्यासाठी डबा ठेवण्याची मूळ कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या दलदलीत जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमियर पूल इथे एक बरणी ठेवली होती. तिथवर पोचणारे लोक तिच्यात आपलं कार्ड टाकून जात.

आज जगभर तीस लाखांहून जास्त जिओकॅश, म्हणजे असे लपवलेले डबे, आहेत. लोक त्यांना नुसतं ‘कॅश’ही म्हणतात. कॅन्ससमधली ‘मिंगो’ ही ११ मे २००० ला ठेवलेली कॅश अजून चालू आहे आणि चालू असलेल्यांत सर्वांत जुनी आहे. रिचर्ड गॅरियट यांनी २००८ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या एका लॉकरलाही कॅश करून टाकलं. जर्मनीत किंवा चेक प्रजासत्ताकात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना हा खेळ चांगला ठाऊक असतो, कारण तिथे घराभोवतीच्या रानात चालत जाण्याच्या अंतरावर डबे असतात. आपल्याकडे संख्या फारच कमी आहे, आणि म्हणून नीट शिकवणारंही कुणी भेटत नाही. इंग्रजीत मार्गदर्शनाचा तोटा नाही, पण ते सपाट वाटांच्या, पाट्या लावलेल्या रानांसाठी लिहिलेलं असतं. सह्याद्रीत ते अर्धंच उपयोगी पडतं. उरलेलं अर्धं मी इथे सांगते आहे.

## घरी बसून करायचं काम

कॅश सापडणार की नाही, याचा बराचसा निकाल घरीच लागतो. खेळाच्या वेबसाइटवर (geocaching.com) प्रत्येक कॅशचं एक पान असतं आणि ते पूर्ण वाचल्याशिवाय निघू नये.

पहिल्यांदा दोन आकडे बघा. काठिण्य आणि भूभाग, दोन्ही १ ते ५, अर्ध्या अर्ध्याच्या टप्प्याने. काठिण्याचा आकडा शोधणं किंवा कोडं सोडवणं किती अवघड ते सांगतो, भूभागाचा आकडा तिथवर पोचणं किती अवघड ते. भूभाग १ म्हणजे चाकाची खुर्ची जाईल अशी जागा आणि ५ म्हणजे दोर, होडी किंवा तशा साधनांशिवाय न जमणारी जागा. नवख्या माणसाने दोन्ही आकडे २ च्या आत असलेल्या, ‘ट्रॅडिशनल’ प्रकारच्या कॅशपासून सुरुवात करावी. त्यात पानावर दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरच डबा असतो. ‘मल्टी’ प्रकारात पहिल्या जागी पुढच्या जागेचा धागा मिळतो. ‘मिस्टरी’मध्ये दिलेली जागा खोटी असते आणि खरी जागा कोडं सोडवून काढायची असते.

डब्याचा आकारही बघा. ‘नॅनो’ म्हणजे करंगळीच्या टोकाएवढी लोहचुंबकाची डबी, ‘मायक्रो’ म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची डबी, ‘रेग्युलर’ म्हणजे चांगला मोठा डबा. आपण काय शोधतोय हे माहीत नसेल तर समोर असूनही दिसत नाही.

मग जुन्या नोंदी वाचा, विशेषतः शेवटच्या पाच-सहा. ‘डीएनएफ’ म्हणजे सापडली नाही. एखादी कॅश सतत सापडत होती आणि नंतर ओळीने तीन-चार डीएनएफ लागले असतील, तर डबा बहुधा जागेवर नाही. पावसाळ्यानंतर हे हमखास होतं, कारण ओढ्याकाठचे डबे वाहून जातात. ज्या नोंदीत लोकांनी वाटेबद्दल लिहिलेलं असतं, त्या नोंदी मी वहीत उतरवून घेते.

डबा कुठे असेल याचा इशारा देणारी पानावरची सूचना ही साध्या सांकेतिक लिपीत असते. इंग्रजी वर्णमालेचे दोन भाग एकमेकांखाली मांडलेले असतात : ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ, असं. अ‍ॅपमध्ये बोट लावलं की उलगडते, तरी रेंज नसलेल्या ठिकाणी जायचं असेल तर आधीच उलगडून ठेवा.

आता अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांबद्दल, कारण नवीन लोक इथेच अडतात. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत देतात, उदाहरणार्थ उत्तर १८ अंश ३०.५०० मिनिटं. नकाशाचं अ‍ॅप बहुतेक वेळा दशांश अंश मागतं. तिथे घाईत १८.३०५०० असं टाकलं तर तुम्ही खऱ्या जागेपासून सुमारे साडेबावीस किलोमीटर दक्षिणेला जाल, कारण साडेतीस मिनिटं म्हणजे ०.५०८३३ अंश. आणि ३०.५०० चं ३० मिनिटं ५० सेकंद केलंत, तर चूक सहाशे मीटरची. ही दुसरी जास्त फसवी, कारण सहाशे मीटरवरचा परिसर पानावरच्या वर्णनासारखाच दिसू शकतो. मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवायचं, एवढं गणित पाठ ठेवा.

## फोन, नकाशा आणि एक कायदा

वेगळं जीपीएस यंत्र घेण्याची गरज नाही, चालू स्मार्टफोन पुरतो. अधिकृत अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर ‘सी:जिओ’ हे मोफत अ‍ॅपही लोक वापरतात. मोफत सदस्यत्वात अधिकृत अ‍ॅपवर काही कॅश झाकलेल्या असतात, त्यांतल्या बऱ्याच वेबसाइटवर उघडतात. म्हणून वेबसाइट बघायची सवय ठेवा.

निघण्याआदल्या रात्री त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवा. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडमध्ये सह्याद्रीतल्या पायवाटाही बऱ्यापैकी असतात. रानात गेल्यावर फोन विमान मोडवर टाकला तरी जीपीएस चालतं, कारण उपग्रहाचे संकेत ऐकायला मोबाइलचा टॉवर लागत नाही. उलट, रेंज नसलेल्या दरीत फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खाऊन टाकतो. एक गोष्ट मात्र आधी करा : रेंज असतानाच नकाशाचं अ‍ॅप उघडून जागा धरू द्या. टॉवरच्या मदतीशिवाय पहिल्यांदा जागा धरायला फोनला कित्येक मिनिटं लागू शकतात. आणि विमान मोड लावलात तर वाटेत रेंज मिळेल तिथे तो काढून घरी एक निरोप टाका.

परदेशातून सुट्टीत येणाऱ्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगा : सॅटेलाइट फोन आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणं, गार्मिन इनरीचसारखी, भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. अमेरिकेत ट्रेकच्या सॅकमध्ये ती सहज असतात. इथे विमानतळावरच अडकायची वेळ येते.

सॅकमध्ये माणशी किमान तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, हेडटॉर्च, पॉवरबँक, शिट्टी, एक जाड हातमोज्यांची जोडी, चिमटा आणि दोन पेन्सिली. पेन नको. पावसाळी हवेत शाई फुटते, ओल्या कागदावर पेन चालतही नाही.

## बाण सरळ जातो, वाट जात नाही

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. अ‍ॅपमधला बाण हवेतल्या हवेत सरळ रेषेचं अंतर दाखवतो. सपाट रानात २०० मीटर म्हणजे तीन मिनिटं. सह्याद्रीत २०० मीटर म्हणजे मध्ये कडा असू शकतो, आणि मग ते अंतर दीड तासाचं होतं किंवा त्या बाजूने अशक्यच असतं. अंतराचा आकडा कमी होत चालला की पाय आपोआप बाणाच्या दिशेने ओढले जातात, आणि माणसं मळलेली वाट सोडून घसाऱ्यावर उतरतात. उतरता येतं, पण वर येता येईलच असं नाही.

मावळातल्या एका पठारावर आमच्या समोर हेच आलं. बाण १८० मीटर दाखवत होता आणि सरळ पुढे पठार संपत होतं. आमच्यातला एक जण कारवीतून खाली डोकावून ‘उतरता येईल बहुतेक’ म्हणत होता. आम्ही त्याला थांबवलं आणि गुरं घेऊन बसलेल्या एका मामांपाशी गेलो.

“मामा, खालच्या टाक्यापाशी जायचंय. इथून वाट आहे का?”

“हिथनं माकडं जात्यात,” ते म्हणाले. “तुमी मागं फिरा. त्या खिंडीपातूर जावा, डाव्या हाताला सोंड हाय, सोंडंवरनं ढोरवाट उतरतीया. टाक्यापाशी पानी पिऊ नका, आटलंय ते.”

सोंडेवरून फिरून जायला तासाहून जास्त लागला. टाक्याच्या काठावर उभं राहून वर बघितल्यावर त्या कारवीखालचा कातळ दिसला : सरळसोट, कुठे पाय ठेवायला जागा नसलेला. उतरता येईल म्हणणारा मित्र बराच वेळ वर बघत होता. डबा सापडला, पण त्या दिवसाची आठवण म्हणून आम्ही अजून मामांबद्दलच बोलतो.

तेव्हापासून पद्धत ठरून गेली. घरीच कंटूर नकाशावर, म्हणजे समान उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या नकाशावर, कॅशची जागा बघायची. रेषा दाटीवाटीने असतील तर तिथे कडा आहे. मग बाण विसरून आधी वाट ठरवायची : कुठल्या वाडीतून, कुठल्या सोंडेने (डोंगराच्या उतरत्या धारेने) किंवा नाळेने (कड्यांमधल्या घळीने), परतीला किती वाजता वळायचं. वाडीत पोचलं की विचारायचं. विचारताना खेळ समजावून सांगायला लाजू नका. ‘आकड्यांवरून डबा शोधायचा खेळ आहे, काका’ म्हटलं की पुढचे प्रश्न तेच विचारतात. वाटाड्या लागला तर घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवून पूर्ण द्या. परतीची वेळ सकाळीच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. डबा दोनशे मीटरवर असताना ती वेळ नव्याने ठरवायला बसलात तर प्रत्येक वेळी पुढेच ढकलाल.

## पाऊस, ऊन, माश्या, साप

पावसाळ्यात ओढ्यापलीकडची कॅश सोडून द्या. सकाळी घोट्याएवढं पाणी असलेला ओढा वर घाटमाथ्यावर सर आली की अर्ध्या तासात छातीएवढा होतो, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा एक थेंबही पडत नसतो. भूमिगत नाले, भुयारं, धरणाखालची पात्रं ही तर कुठल्याच ऋतूत नकोत. २०१८ साली प्रागमध्ये एका भूमिगत ओढ्यात उतरलेल्या जिओकॅशरांच्या गटावर अचानक पावसाचा लोंढा आला आणि त्यात जीव गेला. कॅशच्या पानावर जागा दिली आहे म्हणजे आज तिथे जाणं सुरक्षित आहे, असं कुणी सांगितलेलं नसतं. निर्णय तुमचाच.

एप्रिल-मे मध्ये पहाटे निघून अकरापर्यंत सावलीत या. वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर वीज पडते. ढग जमायला लागले की पठार आणि धार सोडा, एकट्या झाडाखाली उभे राहू नका.

आग्या मोहोळं कड्यांना आणि बुरुजांना लोंबत असतात. जिथे मोहोळ दिसेल तिथे शोधणं बंद. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कापडाने झाकून पळत दूर जा. हात झटकत एका जागी थांबणं सर्वांत वाईट.

आणि साप. हा खेळच असा, की बिळात, दगडाच्या फटीत, पालापाचोळ्याखाली हात घालायचा मोह होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत, आणि फुरसं तर दगडाखाली किंवा पाल्यात मिसळून बसतं. म्हणून नियम कडक ठेवा : जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. आधी टॉर्च मारा, मग काठीने हलवा, मग हातमोजा घालून हात. दगड उचलायचा तर पलीकडची कड धरून आपल्याकडे कलता करा, म्हणजे खाली काही असलं तर ते पलीकडे निघून जातं आणि दगड मध्ये आडोसा राहतो. विंचवासाठीही हेच. साप चावलाच तर चिरा देणं, रक्त चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि ज्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे तिथे पोचा. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. आपल्या वाटेवरच्या ग्रामीण रुग्णालयात लस आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं.

## शेवटचे दहा मीटर

दशांश मिनिटाच्या तिसऱ्या स्थळाचा एक आकडा म्हणजे जमिनीवर जवळपास दोन मीटर. उघड्या आभाळाखाली चांगल्या फोनची अचूकता पाच मीटरच्या आसपास असते. लपवणाऱ्याचीही चूक तेवढीच धरा. म्हणजे बाण शून्य मीटर म्हणाला तरी डबा दहा मीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. कड्याखाली किंवा दाट झाडीत संकेत दगडावर आपटून फिरून येतात आणि आकडा नाचायला लागतो. आता इथे आहे म्हणतो, मग वीस मीटर तिकडे. या नाचणाऱ्या आकड्यामागे धावू नका.

मी असं करते. वीसेक मीटरवर थांबायचं, फोन हातात आडवा धरून दोन मिनिटं तसंच उभं राहायचं, जागा स्थिर होऊ द्यायची. होकायंत्र भरकटलं असेल तर फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायचा. मग एका दिशेने सरळ चालत जाऊन बाण कुठे दाखवतो ते मनात धरायचं. परत मागे येऊन दुसऱ्या बाजूने तसंच. दोन-तीन दिशांनी काढलेल्या या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, ती शोधायची जागा.

आणि मग फोन खिशात घाला. हे करायला मन तयार होत नाही, पण केलंच पाहिजे. पुढचं काम डोळ्यांचं आहे.

लपवणारा माणूस तुमच्यासारखाच त्या जागी उभा होता. त्याने काय पाहिलं असेल? त्याला डबा पावसापासून, गुरांपासून आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरेपासून वाचवायचा होता, आणि ठेवताना फार लांब वाकायचंही नव्हतं. म्हणून आधी उंबर किंवा वडाच्या बुंध्यातली पोकळी बघा, दगडी बांधातली फट बघा, पडक्या खांबाची मागची बाजू बघा. मग निसर्गात नसणाऱ्या गोष्टी शोधा : एकावर एक नीट रचलेले तीन दगड, बाकी कोरड्या पाल्यात एकच ढीग, आडव्या टेकवलेल्या चार समान काटक्या, शेवाळ वरच्या बाजूला नसून खालच्या बाजूला असलेला दगड. शेवटची खूण मला एका शाळकरी भाचीने शिकवली. आम्ही मोठी माणसं झाडांच्या फांद्या तपासत होतो आणि ती म्हणाली, “मावशी, हा दगड उलटा आहे.” होता. खाली डबा होता.

शोधताना काही मोडू नका. फांद्या तोडणं, बांधाचे दगड उपसणं, माती उकरणं हे करायची वेळ आली तर जागा चुकली आहे असं समजा, कारण डबा जमिनीत पुरायला या खेळात मनाई आहे. उल्मर यांची बादली अर्धवट पुरलेली होती, पण नियम नंतर बदलला तो याच कारणासाठी : लोक येऊन सगळीकडे खणू नयेत. कास किंवा तशा सड्यांवर फुलांच्या दिवसांत वाटेबाहेर पाऊलही टाकू नका.

पाऊण तास शोधून मिळालं नाही तर थांबा. एकदा सूचना वाचा, जुन्या नोंदींतले फोटो बघा, पाणी प्या, आणि तरीही नाही तर निघा. डीएनएफची नोंद जरूर करा. ती कमीपणाची नसते. तिच्यामुळे डब्याच्या मालकाला कळतं की जाऊन बघायला हवं.

## सापडल्यावर

वहीत नाव, तारीख. आतल्या वस्तूंपैकी काही घेतलंत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं काही ठेवा. मुलांसाठी मी कवड्या, गोट्या, लाकडी भिंगरी असं नेते. खाऊ कधीच ठेवू नका : वास लागला की उंदीर, मुंग्या, माकडं डबा फोडतात. काडेपेटी, चाकू, औषधंही नकोत.

धातूची पट्टी आणि तिच्यावर कोरलेला क्रमांक दिसला तर ती ‘ट्रॅव्हल बग’ आहे, प्रवास करणारी वस्तू. तिला मालकाने ठरवलेलं मुक्कामाचं ठिकाण असतं. ती घरी ठेवून घ्यायची नसते, पुढच्या डब्यात नेऊन सोडायची असते. तुम्हाला जमणार नसेल तर उचलू नका. तिचा क्रमांक फोटोत दिसू देऊ नका.

डबा बंद करण्याआधी झाकणाच्या रबरी कडेतली माती पुसा. वही भिजली असेल तर तसं नोंदीत लिहा. फोटो टाका, पण डब्याची नेमकी जागा दाखवणारा नको. आणि ‘मस्त होतं, धन्यवाद’ एवढ्यावर थांबू नका. वाट कशी होती, ओढ्याला पाणी किती, मोहोळ कुठे दिसलं, हे लिहा. तुमच्या मागून येणारा माणूस तेच वाचून निघणार आहे.

## शहरातला डबा आणि लोकांचा संशय

शहरात अडचण वेगळी. रेलिंगखाली हात फिरवणारा, बाकाखाली डोकावणारा माणूस संशयास्पद दिसतो, आणि आपल्या शहरांना संशयाचं कारण आहे. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही पाटी मुंबई-पुण्यात उगाच लागलेली नाही. इंग्लंडमध्येही २०११ साली वेदरबी गावात एका कॅफेबाहेर लपवलेला डबा बॉम्ब समजून पथकाने स्फोटाने उडवला होता. म्हणून रेल्वे स्थानक, बस डेपो, शाळा, देवस्थान, सरकारी कचेरी, लष्करी हद्द यांच्याजवळ शोधू नका आणि लपवू तर नकाच. पोलिसांनी किंवा सोसायटीच्या वॉचमनने विचारलं तर लपवाछपवी न करता फोनवरचं पान दाखवा. वाद न घालता निघून या. संध्याकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, तर भल्या सकाळी जा.

## गडांवर डबा नको, दगड वाचा

गडप्रेमी मित्रांना पहिली कल्पना सुचते ती गडावर डबा लपवण्याची. कृपा करून हे करू नका. संरक्षित वास्तूच्या तटाच्या फटीत डबा कोंबणं आणि मग प्रत्येक येणाऱ्याने तिथले दगड चाचपणं, याने आधीच सैल झालेला तट आणखी सैल होतो. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा यांच्यासह बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यातला एक तमिळनाडूचा जिंजी. या वास्तूंच्या एकाही दगडाला आपल्या खेळापायी हात लागू नये असं मला मनापासून वाटतं. अभयारण्यात आणि राखीव वनातही वन विभागाच्या परवानगीशिवाय काही ठेवता येत नाही.

पण या खेळात डबा नसलेला एक प्रकार आहे आणि तो सह्याद्रीसाठी अगदी योग्य आहे : अर्थकॅश. २००४ साली तो सुरू झाला, पहिला ऑस्ट्रेलियात. त्यात अक्षांश-रेखांश तुम्हाला भूशास्त्राच्या एखाद्या जागी नेतात आणि तिथे निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. थर किती दिसतात, दगडाचा कण कसा आहे, ही भेग कशी पडली असेल. आपल्याकडे असं शिकवणाऱ्या जागांची ददात नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर घाटात उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. कुकडी नदीने निघोजला कोरलेले रांजणखळगे आहेत, अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर काळ्या बसाल्टचे उभे खांब आहेत, आणि लोणारला उल्कापाताने बसाल्टमध्ये पडलेलं जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. अशा जागी मुलांना घेऊन गेलात तर प्रश्न आधी स्वतः वाचा, आणि उत्तर त्यांना शोधू द्या.

‘सीआयटीओ’ (कॅश इन, ट्रॅश आउट) हाही प्रकार आपलासा करण्यासारखा. २००२ पासून जगभरचे जिओकॅशर एकत्र जमून एखादी जागा साफ करतात. गडसंवर्धनाचं काम करणारे गट आपल्याकडे आहेतच. त्यांच्या मोहिमेला जोडून असा दिवस ठरवला तर दोघांनाही माणसं मिळतात.

## स्वतःचा डबा लपवायचा असेल तर

बऱ्यापैकी शोधून झाल्याशिवाय लपवू नका, कारण वाईट डबे कसे असतात ते आधी कळायला हवं. मग जागा निवडा. कुणाला तरी दाखवावीशी वाटेल अशी जागा : जुनी बारव दिसणारा बांध, गावातल्या मोठ्या चिंचेजवळचा पार, नदीचं वळण दिसणारी टेकडी. जमीन कुणाची ते विचारा. खाजगी शेत असेल तर मालकाची परवानगी घ्या, गावठाणात ग्रामपंचायतीची. शक्यतो लेखी. दुसऱ्या कॅशच्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर असावं लागतं, म्हणजे मैलाचा दहावा भाग.

डबा चारही बाजूंनी कुलूप लागणारा, रबरी कडेचा आणि पारदर्शक घ्या. स्टीलचा जेवणाचा डबा नको, तो बघून लोक घाबरतात आणि पावसात पाणीही शिरतं. वही झिपच्या पिशवीत. बाहेर ठळक अक्षरांत, मराठीतही, लिहा : ‘हा एका खेळाचा डबा आहे. यात धोकादायक काही नाही. कृपया होता तिथेच ठेवा.’ सोबत कॅशचा क्रमांक. आत आणखी एक मराठी चिठ्ठी ठेवा, खेळ काय आहे ते सांगणारी. गुराख्याला किंवा शाळकरी पोराला अचानक सापडलाच तर त्यालाही खेळता यायला हवं.

आकडे एकदाच घेऊ नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी जाऊन घ्या आणि सरासरी काढा. मग मित्राला फक्त आकडे देऊन पाठवा आणि तो कुठे अडतो ते बघा. पानावर वाडीचं नाव, गाडी कुठे लावायची, पाणी कुठे मिळतं, कुठल्या महिन्यांत येऊ नये, हे लिहा. ते लिहिलेलं नसेल तर लोक बाणामागे जातील. पान पाठवल्यावर स्वयंसेवक तपासनीस ते वाचतो, शंका विचारतो आणि मगच प्रसिद्ध करतो. परवानगीबद्दल त्याने विचारलं तर खरं सांगा.

जून लागण्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास एकेक फेरी ठेवा : वही बदला, रबर बघा, वाट अजून चालण्यासारखी आहे का ते बघा. नोकरीसाठी गाव सुटणार असेल, तर कॅश दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येते. घेणारं कुणी नसेल तर स्वतः जाऊन डबा उचला, पान बंद करा आणि ज्या काकांनी जागा दिली त्यांना भेटून तसं सांगा.